एकाचा घसा, साऱ्या घराची काळजी

घसा दुखणे ही तक्रार इतकी नित्याची आहे की तिच्याकडे सहसा कोणी गांभीर्याने पाहत नाही. आजी हळदीचे दूध करून देते, आई मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करावयास सांगते, आणि दोन-चार दिवसांत मूल पुन्हा अंगणात खेळू लागते. बहुतेक वेळा एवढा उपचार पुरेसाही असतो. परंतु घसादुखीचा एक प्रकार असा आहे की तो एका मुलापासून त्याच्या भावंडांस लागतो, औषधावाचूनच बरा झाल्यासारखा दिसतो, आणि काही थोड्या मुलांच्या बाबतीत मागाहून हृदयावर कायमचा घाला घालतो. हा रोग कोणता, तो घरात कसा व किती पसरतो, आणि त्याची साखळी नेमकी कोठे तोडता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

या रोगाचे कारण म्हणजे स्ट्रेप्टोकोकस नावाचा एक सूक्ष्म जंतू होय. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले असता हे वाटोळे जंतू एकापुढे एक असे माळेतील मण्यांप्रमाणे ओवलेले दिसतात. म्हणूनच मराठीत त्यांस ‘मालागोलाणू’ असे अन्वर्थक नाव मिळाले आहे. मूळचे ग्रीक धाटणीचे नाव व्हिएन्ना येथील प्रसिद्ध शस्त्रवैद्य थिओडोर बिलरोथ यांनी १८७४ साली योजिले. पुढे १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड या अमेरिकन विदुषीने या जंतूंचे निरनिराळे गट पाडले. त्यांपैकी ‘अ’ गटातील जंतू हा घशाच्या या विकाराचा कर्ता आहे. या एकट्या गटातही दोनशेहून अधिक पोटप्रकार असल्यामुळे एकदा हा आजार होऊन गेला म्हणजे जन्माची सुटका झाली, असे मात्र होत नाही. देवी किंवा गोवर यांच्याप्रमाणे येथे एका आजाराने कायमचे संरक्षण मिळत नाही.

प्रत्येक घसादुखी ही या जंतूमुळेच होते, असा कोणी समज करून घेऊ नये. मुलांच्या घसादुखीपैकी साधारणतः चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा, या जंतूमुळे होतो. मोठ्या माणसांत हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास असते. उरलेली बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि तिला जंतुनाशक औषधांचा काडीमात्र उपयोग होत नाही. दोहोंतील भेद ओळखण्याच्या काही खुणा आहेत. नाक वाहत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल, डोळे लाल झाले असतील, तर तो बहुधा विषाणूंचा प्रताप समजावा. याउलट, ताप एकाएकी चढला, गिळताना घशात तीव्र वेदना होऊ लागल्या, गळ्यातील टॉन्सिलच्या गाठी लाल होऊन त्यांवर पांढुरके ठिपके दिसू लागले, मानेत पुढील बाजूस दुखऱ्या गाठी आल्या, आणि खोकला मात्र मुळीच नाही, अशी स्थिती असेल तर मालागोलाणूचा संशय घ्यावा. लहान मुलांस अशा वेळी पोटदुखी आणि ओकारीही होते. हा आजार मुख्यत्वे पाच ते पंधरा वर्षांच्या वयात, म्हणजे नेमक्या शाळेच्या वयात होतो. अर्थात या खुणांवरून केवळ संशय घ्यावयाचा असतो. निर्णय डॉक्टरांचा. घशातील स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन तपासला म्हणजे खात्री पटते.

आता हा रोग पसरतो कसा ते पाहू. रोग पाण्यातून येतात, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. आमच्या बुऱ्हाणपूर नगरीतच १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानान यांच्या सुभेदारीत, कुंडी भंडारा ही अद्भुत योजना उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालील बोगद्यात अडवून, शंभराहून अधिक कुंड्यांच्या रांगेतून, केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणण्यात आले. शुद्ध पाण्याने पटकी आणि विषमज्वर यांसारखे रोग दूर राहतात, हे खरेच आहे. परंतु मालागोलाणूची वाट पाण्याची नव्हे. तो माणसाच्या तोंडातून निघतो आणि थेट दुसऱ्या माणसाच्या तोंडात अथवा नाकात शिरतो. रोगी बोलतो, खोकतो, शिंकतो अथवा हसतो तेव्हा त्याच्या मुखातून थुंकीचे बारीक तुषार उडतात. हे तुषार जड असल्यामुळे हात-दोन हातांच्या अंतरावरच खाली पडतात. मुखाने, हाताने, उष्ट्या पेल्याने अथवा एकाच पंचाने तोंड पुसल्यानेही जंतूचे संक्रमण होऊ शकते. अन्नातूनही क्वचित हा रोग पसरतो. १९११ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात न तापविलेल्या दुधावाटे घशाची मोठी साथ आली होती. दूध तापवून पिण्याची आपल्या घरांतील रीत किती मोलाची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

या रोगात अंतराचे महत्त्व किती, हे अमेरिकेच्या सैनिकांवरील संशोधनातून स्पष्ट झाले. १९५० च्या आसपास वायोमिंग प्रांतातील वॉरेन येथील हवाई दलाच्या तळावर नव्याने भरती झालेल्या तरुणांमध्ये हा आजार फार बळावला होता. तेथील डॉक्टरांनी बराकीतील खाटांची मांडणी तपासली. तेव्हा असे आढळून आले की, ज्याच्या घशात जंतू आहेत अशा सैनिकाच्या खाटेशेजारी निजणाऱ्यांस लागण अधिक होते, आणि अंतर वाढत जाते तसतशी ती कमी होत जाते. त्यांनी दुसराही एक प्रयोग केला. रोग्यांनी वापरलेली, जंतूंनी भरलेली कांबळी निरोगी सैनिकांस पांघरावयास दिली. आश्चर्याची गोष्ट ही की, त्यामुळे आजार वाढला नाही. वाळलेला, धुळीत मिसळलेला जंतू जिवंत असला तरी रोग उत्पन्न करण्यास दुबळा ठरतो, असे यावरून दिसून आले. तात्पर्य, भय कांबळ्याचे नाही. शेजारी निजलेल्या भावाच्या श्वासाचे आणि त्याच्या उष्ट्या पेल्याचे आहे.

हे तत्त्व आपल्या घरांस लावून पाहिले म्हणजे रोग भावंडांतच अधिक का हिंडतो, याचा उलगडा होतो. इतवारा, शनवारा, राजपुरा अशा जुन्या वस्त्यांतील घरे एकमेकांस खेटून उभी आहेत. पुष्कळ कुटुंबांत यंत्रमाग घरालगतच असल्याने राहण्यास उरलेली जागा थोडी असते. तीन-चार मुले एकाच खोलीत एका ओळीने अंथरुणे टाकून निजतात. थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून घेतलेल्या असतात. एका ताटात जेवणे आणि एका लोटीने पाणी पिणे, यांत मुलांस आनंदही वाटतो. जंतूला याहून अधिक सोयीची जागा कोणती मिळणार?

आता प्रमाणाचा प्रश्न घेऊ. घरातील एका मुलास हा आजार झाला म्हणजे साऱ्या घरास तो होतोच, असे नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून ढोबळ मानाने असे म्हणता येते की, रोगी मुलाच्या चार भावंडांपैकी सुमारे एकास जंतूची लागण होते. आई-वडील व अन्य प्रौढ माणसे यांस ती बरीच कमी होते. परंतु एकेका माणसाचा विचार सोडून समग्र घराचा विचार केला, तर चित्र अधिक गंभीर दिसते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात कुटुंबांची एक पाहणी करण्यात आली, आणि तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांत या आजाराचा पहिला रोगी निघाला, त्यांपैकी शंभरांत ४३ घरांत पाठोपाठ दुसराही रोगी निघाला. म्हणजे जवळजवळ निम्म्या घरांत रोग एकावर थांबला नाही. कुटुंब जितके मोठे आणि मुले जितकी अधिक, तितका हा धोका वाढणार, हे उघड आहे.

रोगाचे कालमानही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जंतू घशात शिरल्यापासून दोन ते पाच दिवसांत आजार प्रकट होतो. म्हणून थोरल्या भावाला सोमवारी ताप आला, तर धाकट्या बहिणीचा घसा त्याच आठवड्याच्या अखेरीस दुखू लागणे स्वाभाविक आहे. शाळेच्या हजेरीपटावर एकाच घरातील भावंडे ओळीने गैरहजर दिसतात, त्यामागे पुष्कळदा हेच गणित असते. औषध घेतले नाही तरी ताप तीन ते पाच दिवसांत उतरतो. परंतु घशातील जंतू मात्र जात नाहीत. असे वरकरणी बरे झालेले मूल पुढे दोन-तीन आठवडे इतरांस रोग देऊ शकते. योग्य औषध सुरू केले, तर हेच मूल एका अहोरात्रात इतरांच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक होते. घरातील साखळी तोडण्याची खरी जागा ती हीच. दोन-तीन आठवडे आणि चोवीस तास, या दोहोंतील अंतर म्हणजे वेळेवर घेतलेल्या औषधाचे फळ होय.

काही मुलांच्या घशात हा जंतू कोणताही आजार न करता नुसता वस्ती करून राहतो. अशी मुले शाळांतून दहांत एकाच्या आसपास आढळतात. त्यांच्यापासून इतरांस फारसा उपद्रव होत नाही व त्यांस स्वतःसही धोका अल्प असतो. म्हणून घरात एक रोगी निघाला की सर्व निरोगी माणसांस औषध पाजावे, असे करण्याचे कारण नाही. मात्र दोन आठवड्यांच्या आत घरातील कोणाचाही घसा दुखू लागला, तर त्यास विनाविलंब दाखवावे.

येथे कोणी विचारील की, आपोआप बरे होणाऱ्या घसादुखीचा एवढा बाऊ कशासाठी? याचे उत्तर हृदयाशी निगडित आहे. जंतूशी लढताना शरीर जी संरक्षक द्रव्ये निर्माण करते, ती काही मुलांच्या बाबतीत शत्रू आणि स्वकीय यांतील भेद विसरतात. जंतूच्या अंगावरील काही घटक आणि हृदयाचे घटक यांत साम्य असल्यामुळे ती हृदयावरच उलटतात. घसा बरा झाल्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. गुडघे, घोटे, कोपरे असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात व दुखतात. चालताना धाप लागते. यालाच आमवाताचा ताप, किंवा डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटिक फीवर, असे म्हणतात. सांध्यांची सूज पूर्णपणे उतरते. परंतु हृदयाच्या झडपांस झालेली इजा पुष्कळदा मागे राहते. झडप आखडते किंवा नीट मिटेनाशी होते, आणि हृदयास जन्मभर अधिक कष्ट पडतात. मुलींच्या बाबतीत हे दुखणे कधीकधी वर्षानुवर्षे छपून राहते व पहिल्या बाळंतपणाच्या वेळी प्राणसंकट होऊन पुढे येते. जगात आज सुमारे साडेपाच कोटी लोक अशा हृदयविकाराने ग्रस्त आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संपन्न देशांतून हा विकार जवळजवळ हद्दपार झाला. तो उरला आहे तो दाटीवाटीने राहणाऱ्या, औषधापर्यंत वेळेवर न पोहोचणाऱ्या लोकांत, आणि आपल्या देशाचा त्यांत मोठा वाटा आहे.

समाधानाची गोष्ट ही की, हे संकट टाळता येते. याचा पुरावाही वर उल्लेखिलेल्या वॉरेन तळावरूनच मिळाला. घशाच्या आजाराच्या सुमारे आठशे रोग्यांस तेथे पेनिसिलिन देण्यात आले आणि तितक्याच रोग्यांस ते देण्यात आले नाही. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध न मिळालेल्यांपैकी १७ जणांस आमवाताचा ताप आला. औषध मिळालेल्यांपैकी तो केवळ दोघांस आला. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केले तरी हृदयाचे रक्षण होते, हेही पुढे सिद्ध झाले. म्हणजे तपासणीसाठी एक-दोन दिवस थांबावे लागले तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण आठवडाभर ‘होईल बरे’ म्हणून बसणे मात्र घातक होय.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनमध्ये लावला. आपल्या देशात ते सर्वसामान्यांस मिळावे यासाठी पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे त्यास साहाय्य होते. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. नवलाची गोष्ट अशी की, इतक्या दशकांच्या वापरानंतरही ‘अ’ गटाचा मालागोलाणू पेनिसिलिनला दाद न देणारा झालेला नाही. अन्य कित्येक जंतू औषधांस सरावले, हा मात्र अद्याप हार खातो. म्हणून महागडी नवी औषधे शोधण्याचे कारण नाही. जुने व स्वस्त पेनिसिलिन, किंवा त्याच कुळातील अमॉक्सिसिलिन, हेच आजही पहिल्या पसंतीचे औषध आहे. ज्यांस पेनिसिलिन सोसत नाही त्यांनी तसे डॉक्टरांस आधी सांगावे.

घरोघरी जी चूक होते ती याच ठिकाणी. डॉक्टर दहा दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल जेवू-खेळू लागते, आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. क्वचित त्या पुढच्या खेपेस धाकट्याच्या उपयोगी पडतील म्हणून जपूनही ठेविल्या जातात. हे दोन्ही प्रकार अयोग्य आहेत. ताप उतरणे म्हणजे जंतू मरणे नव्हे. चोवीस तासांच्या औषधाने शेजारी निजणाऱ्याचे रक्षण होते. रोग्याच्या स्वतःच्या हृदयाचे रक्षण होण्यास मात्र पूर्ण दहा दिवस लागतात. ज्या घरी इतके दिवस गोळ्या देणे कठीण जाते, त्यांच्यासाठी डॉक्टर एकाच वेळेस द्यावयाचे लांब पल्ल्याचे पेनिसिलिनचे इंजेक्शनही सुचवू शकतात. हळदीचे दूध, ज्येष्ठमध आणि मिठाच्या गुळण्या यांनी घशास आराम पडतो. ते उपाय अवश्य करावेत. परंतु औषधाच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

घरातील इतरांनी कोणती काळजी घ्यावी, हे आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, रोगी मुलाचे अंथरूण इतरांपासून निदान दोन-तीन हात दूर असावे. वेगळी खोली नसली तरी एवढे साधते. भावंडे एका ओळीने निजत असतील तर रोग्यास ओळीच्या टोकास ठेवावे आणि खिडकी थोडी उघडी राहू द्यावी.

दुसरी गोष्ट, त्याचा पेला, चमचा, पंचा व दात घासण्याचा ब्रश स्वतंत्र असावा. भांडी नेहमीप्रमाणे साबणाने अथवा राखेने स्वच्छ घासली म्हणजे पुरे. ती फेकून देण्याची किंवा कपडे जाळण्याची आवश्यकता नाही.

तिसरी गोष्ट, खोकताना व शिंकताना तोंडावर रुमाल धरावा, आणि रोग्याने व त्याची शुश्रूषा करणाराने साबणाने हात धुवावेत.

चौथी गोष्ट, ताप उतरेपर्यंत आणि औषधाचे निदान चोवीस तास पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेत पाठवू नये. त्यानंतर घरी कोंडून ठेवण्याचेही कारण नाही.

पाचवी गोष्ट विशेष महत्त्वाची. घरात बाळंतीण असेल, तर घसा दुखणाऱ्या मुलास तिच्यापासून व तान्ह्या बाळापासून दूर ठेवावे. पूर्वीच्या काळी सूतिकाज्वराने असंख्य बाळंतिणी दगावत. त्या ज्वराच्या रोग्यांत माळेच्या आकाराचे जंतू असल्याचे लुई पाश्चर यांनी १८७९ साली पॅरिसमध्ये दाखवून दिले. त्याच्याही आधी, १८४७ मध्ये, व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांस हात धुण्याची शिस्त लावून बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी करून दाखविले होते. त्या ज्वराचा मुख्य कर्ता आपल्या घशातील हाच जंतू होय.

आणि ज्या घरात कोणास पूर्वी आमवाताचा ताप येऊन गेला असेल, तेथे दक्षता दुप्पट हवी. अशा व्यक्तीस पुन्हा जंतूची लागण झाली तर हृदयावर नवा आघात होतो. म्हणून तिला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन पुष्कळ वर्षे घ्यावे लागते. हे इंजेक्शन कंटाळून सोडू नये. अशा घरात कोणाचा घसा दुखू लागला तर साऱ्या कुटुंबाने तपासून घेणे श्रेयस्कर. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या तपासणीत या हृदयविकाराचाही समावेश आहे. तपासणीचे पथक शाळेत येते तेव्हा सुई टोचतील या भीतीने मागे दडून बसणाऱ्या आमच्या बालमित्रांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. छातीवर नळी लावून ऐकलेला एखादा बारीकसा आवाज वेळीच कळला, तर आयुष्य वाचू शकते.

आपल्या जुन्या घरांत दुसऱ्याचे उष्टे खाऊ नये, लोटीला तोंड लावू नये, पाणी वरून ओतून प्यावे, असे वडीलधारी माणसे सांगत असत. आज पुष्कळांस हे नियम जुनाट वाटतात. प्रेमापोटी एका पेल्यातून पिण्यात गैर काही नाही, परंतु घरात कोणाचा घसा दुखत असता तरी हा नियम पाळण्यात शहाणपण आहे. प्रेमाची खूण म्हणून भावाचे उष्टे खाण्यापेक्षा, त्याच्या दहाव्या दिवसाच्या गोळीची त्यास आठवण करून देणे, हे अधिक खरे बंधुप्रेम होय.

आमच्या विद्यार्थिमित्रांस आमची एकच विनंती आहे. घसा दुखू लागला आणि ताप आला, तर शाळा बुडेल अथवा परीक्षा हुकेल म्हणून ते घरी लपवू नका. आईला त्याच दिवशी सांगा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर तारखा लिहून ठेवा, आणि दहाव्या तारखेवर खूण केल्यावाचून ते पाकीट टाकू नका.